डिंक्याची हिरवी दाढी

“बोटीत डिंक्या माझ्यापुढे बसणार!” सुईने जाहीर केलं.

“का? त्याचं तिकीट तू काढलंयस?” लंबूने विचारलं.

“मी कप्तान आहे!”

“मग कप्तानाने सुकाणू धरावं. कुत्रा मी धरतो.”

“आणि मी काय धरू?” पिटू मध्येच घुसली.

“तू गप्प बस!” दोघंही एकदम ओरडले. सकाळपासून त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर!

बोट अंगणात उपडी पडली होती. जाड पुठ्ठ्याची, आतून-बाहेरून मेण फासलेली. मामाचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता, त्यामुळे पुठ्ठ्याला तोटा नव्हता. वर घर, खाली कारखाना, मागे अंगण. आज संध्याकाळी बोट तळ्यात सोडायची असं ठरलं होतं. ती तरंगणार की बुडणार यावर कोणाचंच भांडण नव्हतं. भांडण होतं ते कुत्र्यावरून.

सुई दर सुट्टीत मामाकडे यायची. बारा वर्षांची, काटकुळी पोर. पण पुस्तकांची पानं शिवायला बसली की हात असा सरसर चालायचा की मामानेच तिचं नाव ‘सुई’ ठेवलं होतं. पिटू ही मामाची मुलगी, आठ वर्षांची, प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारी. आणि लंबू म्हणजे मावशीचा मुलगा. तेरा वर्षांचा, ताडमाड उंच. यंदा तो पहिल्यांदाच आला होता, आणि नेमका सुईच्या आधी येऊन बसला होता. तिथेच सगळा घोटाळा झाला!

डिंक्याचा रंग पुठ्ठ्यासारखा तपकिरी. एकदा माणसाला चिकटला की सुटत नाही, म्हणून डिंक्या. आजवर तो सुईला चिकटायचा. ती फाटकातून हाक मारायची आणि तो असा धावत यायचा की तिची पिशवी एकीकडे आणि ती दुसरीकडे! या वेळी तिने हाक मारली, तेव्हा तो चालत आला. तिचे पाय हुंगले. दोनदा शेपूट हलवली आणि परत जाऊन लंबूच्या पायाशी बसला.

दोनदा! एखाद्या पाहुण्यासाठी हलवावी तशी!

तेव्हापासून सुई धुमसत होती. मत्सर हा फार वाईट सोबती. दार न वाजवता आत येतो, आपल्याच शेजारी मांडी ठोकून बसतो आणि आपल्या ताटातलं गोड हळूच कडू करून ठेवतो. सुईला मामीच्या हातचं जेवण गोड लागेना, नवी पुस्तकं उघडावीशी वाटेनात. डोळे सारखे एकाच ठिकाणी. डिंक्या कुठे आहे? लंबूजवळ. आता कुठे आहे? लंबूजवळच!

“मी बाजारात जाऊन येते गं!” मामीने पिशवी घेत सांगितलं. “पिटू, फाटक लावून घे. आणि भांडू नका!”

मामी गेली. सुई तोंड फुगवून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. तिथून काचेच्या झडपेतून खालचा कारखाना अख्खा दिसायचा. पुढच्या खोलीत मामा कटिंग मशीनवर कागद कापत होता. मागच्या खोलीत पुस्तकं दाबून ठेवायचा मोठा शिकंजा होता, आणि त्याच्यामागे भिंतीला उंच फळी. लंबू त्याच खोलीत होता. अर्थात डिंक्याही.

लंबूने इकडेतिकडे पाहिलं. मग टाचा उंचावून फळीवरून काहीतरी काढलं. पुठ्ठ्याचा तुकडा! त्याच्यावर जाडसर खळ होती. डिंक्याने लप्‌ लप्‌ करत क्षणात तो साफ केला.

अच्छा! असं आहे तर! खळ म्हणजे पिठाची शिजवलेली चिकट लापशी. पुठ्ठे चिकटवायला मामा रोज सकाळी पातेलंभर करायचा. डिंक्याचा तिच्यावर भारी जीव. आजवर तो सुईची बोटं चाटून पुसून काढायचा. आणि आता हा लंबू चोरून त्याला लाच चारत होता!

लंबूने दुसरा तुकडा काढला. सुईने मोजला. तिसरा. चौथा. प्रत्येक तुकड्यासरशी तिच्या कपाळावर एक आठी वाढत होती. पाचवा! डिंक्याने लंबूच्या गुडघ्यावर पंजा ठेवला, आणि लंबूने त्याचं डोकं कुरवाळलं.

‘जा, त्याचाच हो!’ सुई मनात म्हणाली, आणि वर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

थोड्याच वेळात पिटू जिना दणाणवत वर आली.

“सुईताई, सुईताई! डिंक्याला दाढी आली!”

“येऊ दे.”

“हिरवी दाढी!”

“लंबूने रंगवली असेल. त्याचाच कुत्रा आहे ना आता!”

“रंगवली नाही, तो म्हणतो मला माहीतच नाही. मी पुसली तर माझा फ्रॉकच हिरवा झाला. हे बघ!”

सुईने मान वळवली. फ्रॉकवर हिरवट-निळा डाग होता, आणि डागाला खळीसारखा चिकटपणा.

ती उठून बसली. खळ तर पांढरी असते! मघाशी रागाच्या भरात ती नुसते तुकडे मोजत बसली होती. आता डोळ्यांपुढे परत सगळं उभं राहिलं: तुकडा, डिंक्याची जीभ, आणि जिभेवर तो विचित्र रंग. तेव्हा तिला वाटलं होतं, अरे वा, रंगीत खळ! मला का नाही सुचला?

ती तीन-तीन पायऱ्या उतरत खाली पळाली.

“लंबू, तू डिंक्याला काय दिलंस?”

लंबू दचकला. “काही नाही.”

“मी पाहिलंय. त्या फळीवरून.”

“पाळत ठेवतेस?”

“हो, ठेवते! फळी दाखव.”

“ते आमचं गुपित आहे. माझं आणि डिंक्याचं.”

“गुपिताला दाढी फुटली आहे!” पिटू म्हणाली. “दाखव ना रे!”

लंबूने नाइलाजाने स्टूल ओढलं. सुई वर चढली. फळीच्या कोपऱ्यात अजून तीन-चार तुकडे होते. हिरवट-निळी वाळकी खळ, आणि तिच्यात धान्याचे भरडलेले कण. एका तुकड्याची कड बारीक दातांनी कुरतडलेली. आणि बाजूला उंदराच्या लेंड्या!

उंदरांच्या वाटेवर खळ कोण मांडून ठेवेल? आणि तीही रंगवून?

 तिने पिटूकडून एक प्लॅस्टिकची पिशवी मागवली, हाताला दुसरी पिशवी गुंडाळून ते तुकडे आत टाकले आणि सरळ पुढच्या खोलीत गेली.

“मामा, हे काय आहे?”

मामाने मान वर केली आणि तो ओरडलाच, “अगं ठेव, ठेव ते! उंदराचं औषध आहे!”

“खळीत?”

“मग! बाजारच्या वड्यांना आपले उंदीर तोंड लावत नाहीत. रोज पुस्तकांच्या कण्यावरची खळ खाऊन चटावलेत लेकाचे! म्हणून मी त्या वड्या कुटल्या, खळीत कालवल्या आणि पुठ्ठ्याला फासल्या. आहे की नाही डोकं?” मामाने मिशीवर बोट फिरवलं. “असली युक्ती बाइंडरच करू जाणे!”

“आणि डिंक्याने खाल्लं तर?” लंबूने विचारलं. 

“डिंक्या काय मांजर आहे फळीवर चढायला?”

 लंबूचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. 

आणि त्या क्षणी तो वाईट सोबती सुईच्या कानाशी लागला. सांग ना! सांग, लंबूने दिलं! मामा त्याला आजच्या आज घरी पाठवेल. मग डिंक्या कोणाचा? तुझाच!

पण डिंक्या? डिंक्या राहणार होता का?

“मामा, डिंक्याने खाल्लंय,” सुई म्हणाली. “मी पाहिलं. पाच तुकडे.”

“काय? कोणी दिले?”

“ते नंतर! आधी डॉक्टर!”

“मी दिले,” लंबू म्हणाला आणि त्याला रडूच कोसळलं. “मला वाटलं खळ आहे!”

मामा धावत मागच्या खोलीत गेला. डिंक्या आरामात बसून कान खाजवत होता. सगळे आलेले पाहून त्याने शेपूट आपटली. मामाने सुस्कारा सोडला.

“हे बघा! ठणठणीत आहे की! ओकत नाही, फेस नाही, काही नाही. एवढ्याशा औषधाने उंदीर मरतो, कुत्रा नाही मरत. उगाच घाबरवलंत!”

“मामा, आत्ता नेऊ या ना डॉक्टरकडे!”

“संध्याकाळी बघू. वाचनालयाचे गठ्ठे दुपारपर्यंत पोचवायचेत. शेवटचे कापायचे राहिलेत.” असं म्हणत तो मशीनकडे निघालासुद्धा. वाईट माणूस नव्हता मामा. पण आपल्या हातून काही भयंकर घडलंय हे मानायचीच त्याची तयारी नव्हती.

मामाचा फोन टेबलावर होता. डिंक्याला इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरबाईंचा नंबर त्यात होता. सुईने लावला. तिघांची डोकी फोनवर एकत्र आली.

“उंदराचं औषध?” डॉक्टरबाईंचा आवाज एकदम कडक झाला. “कधी खाल्लं?”

“मामी बाजारात गेली त्यानंतर लगेच. ती अजून आलेली नाही.”

“थरथरतोय? धापा टाकतोय?”

“नाही. शेपूट हलवतोय.”

“शेपटीवर विश्वास ठेवू नका! आता नीट ऐका. त्याच्या तोंडात काहीही घालू नका. दूध नाही, तेल नाही, मिठाचं पाणी नाही. घरच्या घरी ओकवू नका. ताबडतोब इकडे आणा. आणि औषधाचं खोकं आणा. ही विषं वेगवेगळी असतात, त्यांचे उपाय वेगळे. नाव कळलं तर माझा वेळ वाचेल, आणि त्याचा जीव. हात साबणाने धुवा सगळ्यांनी!”

हात धुऊन वळतात तो दारात शेजारचे छापखानेवाले काका उभे! हातात मोठा तांब्या.

“सगळं ऐकलं मी भिंतीपलीकडून! काळजी नको. मिठाचं पाणी आणलंय. पाजलं की भडभडा ओकेल. माझ्या आत्याच्या कुत्र्याला असंच पाजलं होतं.”

“मग तो वाचला?” पिटूने विचारलं.

“कोण, कुत्रा?” काका जरा घुटमळले. “ते वेगळं. तो मुळातच म्हातारा होता.”

“डॉक्टरबाई नाही म्हणाल्यात, काका!” सुई म्हणाली.

“बाळा, डॉक्टर लोक फी घेतात. मी फुकट सांगतोय. धर रे त्याचं तोंड!”

सुई आणि लंबू डिंक्यापुढे आडवे झाले. पिटूने मात्र गोड हसून हात पुढे केला. “काका, मी पाजते. तो माझ्याच हातून पितो.” तिने तांब्या घेतला, डिंक्याला पट्ट्याला धरून अंगणात नेलं, तांब्या मोरीत उपडा केला आणि लगेच परत आली. “पाजलं!”

“एवढ्यात?”

“तहान लागली होती त्याला!”

काका खूश होऊन गेले. लंबूने डोळे पुसत पिटूला सलाम ठोकला.

“आता खोकं!” सुई म्हणाली. “मामा, औषधाचं खोकं कुठंय?”

“असेल कुठेतरी,” मामा मशीनवरून न बघताच म्हणाला. “मला काय आठवतंय!”

कचऱ्याची टोपली पालथी घातली. कागदाच्या कात्रणांचं पोतं उपसलं. शिकंज्याखाली पाहिलं. खोकं नाही!

“इथे खोकं कधी टाकतच नाहीत,” पिटू म्हणाली. “बाबा म्हणतात, पुठ्ठा फेकणारा तो बाइंडर कसला!”

सुई जागच्या जागी थांबली. खरंच की! या कारखान्यात खोकं आलं की मामा ते उकलून सपाट करायचा, आणि मग... मग ते कटिंग मशीनवर कागदांच्या खाली अंथरायचा. वरून येणारं पातं खालच्या लोखंडावर आपटून बोथट होऊ नये म्हणून! तिने मशीनकडे पाहिलं. पात्याच्या खाली कागदांचा गठ्ठा दाबून ठेवलेला, आणि गठ्ठ्याच्या तळाशी एक पिवळी कड डोकावत होती.

“मामा! खोकं इथंय! गठ्ठ्याखाली!”

“असू दे. कापून झालं की काढतो.”

“आत्ता हवंय!”

“वेडी आहेस? दाब सैल केला तर कागद सरकतील. सगळं माप बिघडेल. गठ्ठा वाया जाईल!”

सुईने लंबूकडे पाहिलं. लंबूने सुईकडे. आणि पहिल्यांदाच दोघांना एकमेकांच्या मनातलं न बोलता कळलं.

लंबू पाय न वाजवता पुढच्या ओट्यावर गेला. तिथे हातगाडीवर वाचनालयाचे बांधून झालेले गठ्ठे सावलीत ठेवले होते. त्याने गाडी ढकलून भर उन्हात आणली आणि मग जोरात बोंब मारली.

“मामा! गठ्ठ्यांवर ऊन आलंय! पुठ्ठे वाकतील!”

ताज्या बांधणीवर ऊन! घराला आग लागली म्हणून सांगितलं असतं तरी मामा एवढ्या जोराने धावला नसता.

तो बाहेर पडताच सुईने मशीनचं बटण बंद केलं. दाबाचं चाक तिला नवं नव्हतं. कितीतरी सुट्ट्यांत मामाने तिला ते फिरवू दिलं होतं. तिने सगळं बळ लावून चाक उलटं फिरवलं. दाब वर उचलला गेला. पात्याच्या दिशेला बोटही न नेता तिने मागच्या बाजूने पिवळी कड धरली आणि खसकन ओढली. कागद घसरले, भसाभस जमिनीवर पडले. पण खोकं हातात आलं! पात्याच्या घावांनी त्यावर रेघाच रेघा पडल्या होत्या. चित्रातल्या उंदराचं तर मुंडकंच उडालं होतं. पण बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव शाबूत होतं.

“पिटू, तू इथे थांब. मामी आली की सगळं सांग.”

“मलाच नेहमी मागे ठेवता!”

“आणि काका दुसरा तांब्या घेऊन आले तर?”

पिटू एकदम ताठ उभी राहिली. “येऊ देत! मी आहे!”

मामा गाडी सावलीत लावून घाम पुसत आत येत होता. “मामा, गठ्ठे आम्ही पोचवून येतो!” लंबू म्हणाला.

“शाब्बास! गुणाची पोरं!” मामा म्हणाला आणि आत गेला. आतून लगेच त्याची आरोळी ऐकू आली. “माझा गठ्ठा! सुई!” पण तोवर हातगाडी रस्त्याला लागली होती, आणि गठ्ठ्यांच्या मधोमध वेष्टनाच्या कागदाखाली एक तपकिरी शेपूट हलत होती.

लंबू ढकलत होता. सुई एका हाताने डिंक्याला धरून गाडीबरोबर धावत होती. दुसऱ्या हातात खोकं आणि पिशवी. चाकं खडखडत होती, माणसं बाजूला होत होती.

“बाजूला व्हा! आजारी आहे!” लंबू ओरडत होता.

“कोण? पुस्तकं?” एक सायकलवाला हसला.

चढ लागला. लंबूला धाप लागली. मान खाली घालून ढकलता ढकलता तो म्हणाला, “सुई, तुला एक सांगू? मी मुद्दाम लाच देत होतो त्याला.”

“ते दिसलंच मला.”

“तसं नाही. मी आल्यापासून मामा सारखा म्हणायचा, सुई असं शिवते, सुई तसं चिकटवते, सुई आली की डिंक्या कोणाकडे बघणारही नाही बघ. मला वाटलं, तू आलीस की मी एकटाच पडणार. म्हणून रोज काहीतरी खायला देऊन त्याला फितवत होतो. आज साधी खळ संपली होती, म्हणून फळीवरची...” 

 म्हणजे हा तिच्यावर जळत होता, आणि ती याच्यावर! आणि दोघांच्या मध्ये हे मुकं लेकरू बसलं होतं, ज्याच्या मनात दोघांबद्दलही काडीचा राग नव्हता. डिंक्याने तिचं मनगट चाटलं. हिरव्या जिभेने.

तिने डोळे मिटले. ‘देवा,’ ती मनातल्या मनात म्हणाली, ‘तो लंबूचा तर लंबूचा असू दे. माझ्याकडे बघितलं नाही तरी चालेल, दोनदाही शेपूट हलवली नाही तरी चालेल. पण असू दे. देवा, तो असू दे!’

तिने डोळे उघडले आणि खोकं न् पिशवी काखेत धरून मोकळा हात गाडीला लावला.

डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या. खोक्यावरचं नाव वाचून त्यांनी मान हलवली. “बरं झालं हे आणलंत. आता या विषामागे अंदाजाने धावायला नको. किती खाल्लं?”

“पाच तुकडे. एवढे,” सुईने पिशवी दाखवली. “पाचही चाटून साफ केले.”

“नक्की पाच?”

“नक्की! मी एकेक मोजत होते.” का मोजत होते ते मात्र तिने सांगितलं नाही.

डॉक्टरबाईंनी डिंक्याला वजनकाट्यावर उभं केलं, हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली. मग एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने डिंक्या ओकला. एकदा, दोनदा, तीनदा. हिरवट-निळं, दाण्यांसकट! एरवी दोघांनी नाकं मुरडली असती. आज त्या ओकारीकडे ते असे बघत होते जणू मोत्यांची रासच पडली आहे!

“छान! पुष्कळसं बाहेर आलं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग औषधी कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून त्यांनी ती डिंक्याला पाजली. “पोटात जे राहिलं असेल ते हिच्यात धरून ठेवलं जाईल.”

“पण तो तर ठणठणीत होता!” लंबू म्हणाला.

“तीच तर या विषाची लबाडी! पहिले काही दिवस जनावर हसतं-खेळतं असतं. विष आतल्या आत रक्ताची गोठायची ताकद संपवत असतं. मग अचानक नाकातून, हिरड्यांतून, पोटात रक्त वाहू लागतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. आता याला काही आठवडे रोज गोळी द्यायची, व्हिटॅमिन के. एकही दिवस चुकवायचा नाही. मधून रक्त तपासायला आणायचं.”

“आणि मिठाचं पाणी पाजलं असतं तर?”

“ते मीठच त्याच्या जिवावर उठलं असतं. दुधाचा तर काहीच उपयोग नाही. ओकवायचं कधी, ओकवायचं की नाही, हे विष कोणतं त्यावर ठरतं. म्हणून तर खोकं मागितलं!”

“वाचेल ना?” सुईने शेवटी ते विचारलंच.

“वाचेल,” डॉक्टरबाई हसल्या. “तुम्ही वेळेत आणलंत.”

लंबू मटकन खाली बसला. सुईचाही जीव भांड्यात पडला.

इतक्यात दाराशी गलका झाला. पुढे मामी, हातात अजून बाजाराची पिशवी. तिच्या मागे पिटू. आणि सगळ्यांत मागे मामा. त्याच्याकडे बघवत नव्हतं. चेहरा उतरलेला, एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाहीच.

“संध्याकाळी बघू म्हणे!” मामी कडाडली. “पोरांनी ऐकलं असतं तर संध्याकाळी काय बघितलं असतंत?”

मामा भिंतीलगतच्या बाकावर बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं.

डॉक्टरबाईंनी खोकं वर धरलं. “हे कोणी शोधलं?”

“सुईताईने!” पिटू म्हणाली. “आणि मिठाचं पाणी मी सांडलं! आणि लंबूदादाने उन्हाची थाप मारली!”

“थाप नाही! ऊन खरं होतं,” लंबू म्हणाला. “गाडी मीच उन्हात नेली होती.”

डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. “कधी खाल्लं, किती खाल्लं, काय खाल्लं, तिन्ही उत्तरं घेऊन येणारे लोक मला क्वचितच भेटतात. मोठेसुद्धा! शाब्बास रे पोरांनो!” मामीने तर तिघांना एकत्रच कवेत घेतलं, पिशवीतल्या भाजीसकट.

“मला काय बोलायचं ते बोला,” मामा बाकावरून म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. “गठ्ठा गेला तर गेला. आता कारखान्यात विष आणणार नाही. पिंजरे लावीन, भोकं बुजवीन. पोरांनो, तुमचं ऐकायला हवं होतं मी.”

“डिंक्याला आता बाहेर न्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि आतलं दार उघडलं.

डिंक्या उंबऱ्यात उभा राहिला. पाय जरासे लटपटत होते. हिरव्याच्या जागी आता तोंड काळंकुट्ट झालं होतं.

“डिंक्या!” सुईने हात पसरले.

“डिंक्या, इकडे!” लंबूने गुडघे टेकले.

डिंक्याने सुईकडे पाहिलं. लंबूकडे पाहिलं. आणि दोघांच्या मधून वाट काढत तो हळूहळू भिंतीशी गेला. बाकावर बसलेल्या मामाच्या मांडीवर त्याने आपलं काळं तोंड ठेवलं.

मामाने डोकं वर केलं. “मी तुला विष घातलं रे, राजा,” तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. डिंक्या त्याचा हात चाटत राहिला. शेपूट थांबायचं नाव घेईना.

तो वाईट सोबती पुन्हा सुईच्या शेजारी येऊन बसला. तिने तिरक्या नजरेने पाहिलं. लंबूचंही तोंड चांगलंच फुगलं होतं!

“खोकं मी शोधलं,” ती पुटपुटली.

“गाडी मी ढकलली,” तो पुटपुटला. “आणि हा गेला कोणाकडे, तर मामाकडे! अगं, त्याला कोणीतरी सांगायला हवं, विष कोणी केलं होतं ते!”

“नको सांगूस,” सुई म्हणाली. “मग ते हाताने कोणी भरवलं, तेही सांगावं लागेल.”

लंबू तिच्याकडे वळला. “आणि वर पायरीवर बसून कोण नुसतं मोजत होतं, ते?”

“तेही नको सांगूस.”

मग दोघंही उठले, बाहेर गेले आणि हातगाडीवरचे गठ्ठे एका बाजूला सरकवून डिंक्यासाठी ऐसपैस जागा करू लागले.